संध्याकाळी ६१, सकाळी ३८ : सोलरचं पाणी रात्रीत निवतं कसं?

रिकामटेकडी | सोमवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरजवंत होऊन आले आहे.

आमच्या गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, २० ट्यूबचा. तीन वर्षं झाली. आजवर कधी वर चढून त्याच्याकडे बघावंही लागलं नव्हतं. गेले दोन महिने मात्र सकाळी अंघोळीला पाणी कोमट. आधी वाटलं, थंडी आहे, चालायचंच. पण संध्याकाळी त्याच नळाखाली हात धरला तर चटका बसतो! म्हणजे दिवसा तापतंय आणि रात्रीत निवतंय.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने गच्चीच्या दारातूनच मान वर केली आणि निकाल दिला, "ट्यूब गेल्या, वीसच्या वीस बदला." मी विचारलं, ट्यूब गेल्या तर दिवसा पाणी तापतं कसं? त्यावर म्हणाला, "ताई, ते टेक्निकल आहे."

घरात माणसं चार. मी, नवरा, आई आणि चौदा वर्षांचा चिरंजीव. वापर वाढलेला नाही. काय करू?

---

साडेतीन_शहाणा | सोमवार, सकाळी ८:५२

ते टेक्निकल आहे :)) हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

---

वातकुक्कुट | सोमवार, सकाळी ९:३०

स्पष्ट सांगू का? ट्यूबवाले सोलर आता काढून टाकायचे दिवस आलेत. छतावर वीज बनवणारी पॅनेल टाका आणि हीट पंप बसवा, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र. ट्यूब नाही, क्षार नाही, ढगाळ दिवसाची काळजी नाही. जुन्या वस्तूला किती ठिगळं लावणार?

---

गंजका_पाना | सोमवार, सकाळी १०:१५

ताई, तुम्ही मेकॅनिकला विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. ट्यूबचं काम पाणी तापवण्याचं. ते संध्याकाळपर्यंत होतंय, मग ट्यूबना कशाला दोष द्यायचा? चोर सोडून संन्याशाला फाशी.

तरी ट्यूब तपासून घ्या, फुकट काम आहे. ट्यूब म्हणजे थर्मासच. एकात एक दोन काचा, मधली हवा काढून घेतलेली. खालच्या टोकाशी आरशासारखा चंदेरी लेप दिसतो. तो बेरियमचा असतो, आत चुकून उरलेला वायू शोषून घ्यायला. काचेला बारीक तडा जाऊन हवा आत शिरली की हा लेप दुधासारखा पांढरा होतो. बघा, किती चंदेरी आणि किती पांढऱ्या. ज्या पांढऱ्या तेवढ्याच बदलायच्या. मात्र टोक धारकाच्या टोपीत झाकलेलं असतं, टोपी अलगद सरकवावी लागेल. भर उन्हात हात लावू नका.

दुसरं म्हणजे आकडे आणा. "कोमट" म्हणजे किती? टाकीच्या गरम आउटलेटपाशी नळ असेल तर तिथून पेलाभर पाणी घेऊन त्यात थर्मामीटर बुडवा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकदा, सकाळी कोणी अंघोळ करायच्या आत एकदा. खालच्या बाथरूममध्ये मोजू नका, तिथे पाइपात निवलेलं पाणी फसवतं.

---

मीच_ती | सोमवार, दुपारी १२:०५

पानाकाका, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आमच्या सोलरला पंप नाही. मग पाणी ट्यूबमधून टाकीत चढतं कसं?

---

गंजका_पाना | सोमवार, दुपारी १:२०

हसायचं काय त्यात. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, हलकं होतं, वर सरकतं. त्याची जागा घ्यायला टाकीच्या तळातलं जड, गार पाणी खाली उतरतं. ऊन आहे तोवर हे चक्र आपोआप फिरतं, याला थर्मोसायफन म्हणतात. म्हणून टाकी वर आणि ट्यूब किंवा पॅनेल खाली. चपट्या पॅनेलच्या सोलरमध्ये टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी उंच ठेवतात. नाहीतर रात्री गार पडलेल्या पॅनेलमधून चक्र उलटं फिरतं आणि दिवसभराची कमाई आकाशाला जाते.

ताईंचा सोलर ट्यूबचा आहे, टाकी ट्यूबच्या डोक्यावरच बसलेली. तेव्हा हे कारण तिथे फारसं लागू नाही.

---

जुनी_पाने | सोमवार, दुपारी ३:४५

'दिवसा गरम, रात्री गार' ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे बरं का! थोडं अवांतर लिहिते.

१७६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने काचेची झाकणं लावलेली पेटी उन्हात ठेवून दाखवलं की आतलं तापमान पाणी उकळण्याच्याही वर जातं. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने घरगुती सोलर हीटरचं पेटंट घेतलं. नाव 'क्लायमॅक्स'. काचेच्या झाकणाच्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, बस्स. दुपारी पाणी छान तापायचं, पण टाकी त्याच पेटीत असल्यामुळे रात्री थंडगार. सकाळच्या अंघोळीला उपयोग शून्य.

कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेलीने १९०९ मध्ये साधीच गोष्ट केली. तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी काढली, आणि टाकीला उष्णता धरून ठेवणारं वेष्टण घातलं. नाव ठेवलं 'डे अँड नाइट'. नावातच जाहिरात! आज आपल्या गच्च्यांवर जे आहे ते मूळ बेलीचंच. पुढे इस्रायलने तर १९८० मध्ये नव्या घरांवर सोलर बसवायचा कायदाच केला.

ताई, तुमचा 'डे अँड नाइट' परत 'क्लायमॅक्स' झालाय.

---

साडेतीन_शहाणा | सोमवार, दुपारी ३:५८

धाग्याच्या सुरुवातीलाच क्लायमॅक्स. पुढे काय वाचायचं आता?

---

उंटावरून | सोमवार, संध्याकाळी ५:१०

@वातकुक्कुट, हिशेब मांडू या. पॅनेल उन्हाची साधारण २० टक्के वीज करतं. चांगला हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता पाण्यात घालतो. म्हणजे शेवटी उन्हाचा ६० टक्के भाग पाण्यात आला. चांगला सोलर हीटरही ५० ते ६० टक्के पकडतो. जागा जवळपास तेवढीच लागते, फक्त तुमच्या वाटेत एक कॉम्प्रेसर आणि एक इन्व्हर्टर जास्त. घरात आधीच पॅनेल असेल आणि दुपारची वीज उरत असेल तर तुमचं म्हणणं मला पटतं. पण चालू स्थितीतला सोलर मोडीत काढून हीट पंप घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

---

वातकुक्कुट | सोमवार, संध्याकाळी ५:३५

पॅनेलवरची वीज पाण्याखेरीज इतर दहा कामांना येते, तुमचं गरम पाणी फक्त गरम पाणीच राहतं. हे हिशेबात कुठे आहे?

---

उंटावरून | सोमवार, संध्याकाळी ५:४१

ते मात्र खरं. हा मुद्दा तुमचा.

---

रिकामटेकडी | मंगळवार, सकाळी ७:५०

वर जाऊन आले! आयुष्यात पहिल्यांदा गच्चीवर गुडघ्यावर बसून ट्यूबच्या टोप्या सरकवल्या. एकोणीस चंदेरी, अगदी तोंड दिसेल अशा. एक पांढरी, जशी चुन्यात बुडवून काढलीय. नवऱ्याने फोटो काढलाय, ट्यूबचा नाही, माझा.

आता आकडे. काल संध्याकाळी साडेपाचला ६१ अंश. आज सकाळी सहाला, कोणी नळ उघडायच्या आत, ३८. टाकीला हात लावून पाहिलं, बाहेरून गारच आहे, कुठे ओल नाही. रात्री फक्त चिरंजीवांची अंघोळ होते, खेळून आल्यावर. पाच-सात मिनिटांत आटोपतो.

---

उंटावरून | मंगळवार, सकाळी ९:०५

वा, आकडे आले की मजा येते.

२३ अंश उतरले, पाणी २०० लिटर. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. म्हणजे २०० × २३ × १.१६, साधारण ५३०० वॅट-तास. साडेबारा तासांत सव्वापाच युनिट उष्णता गायब! सरासरी सव्वाचारशे वॅट, रात्रभर अखंड.

दोन इंच पफ (फोमचं वेष्टण) असलेल्या धड टाकीच्या अंगातून पन्नास-साठ वॅट जातात. ट्यूब आणि पाइपांचे आणखी थोडे धरा, त्या एका पांढऱ्या ट्यूबचेही धरा. तरी चारशेच्या जवळपास जात नाही. टाकी बाहेरून गार आहे म्हणजे वेष्टण भिजलेलंही नाही.

मुलाच्या अंघोळीला टाकीतलं २५-३० लिटर गेलं असेल. तेवढंच गार पाणी टाकीत आलं. त्याने पाच-सहा अंशांचा फरक पडेल. उरलेले सतरा गेले कुठे?

---

कडूनिंब | मंगळवार, सकाळी १०:३०

क्षार! आमच्याकडे बोअरचं पाणी. ट्यूब काढल्या तर तळाशी वीतभर पांढरी वाळू. पाणी साठच्या वर गेलं की क्षार झपाट्याने बसतात. तुमच्या टाकीचं पण तेच झालं असणार, लिहून घ्या.

वर्षातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची, सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवायचं, आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायचा. टाकीच्या पत्र्याऐवजी तो स्वतः झिजतो. झिजून तारेएवढा उरला की बदलायचा. हे कोणी सांगत नाही. मला टाकी गळायला लागल्यावर कळलं. आणि विक्रेता म्हणतो, "वॉरंटीत पाण्याची प्रत येत नाही."

---

गंजका_पाना | मंगळवार, सकाळी ११:२०

कडूनिंब, रॉडबद्दल शंभर टक्के सहमत. पण क्षार बसले तर पाणी तापायला त्रास होईल, निवायला नाही. इथे तापतंय व्यवस्थित.

एक भर घालतो. ट्यूब धुतल्यावर पाणी भरायचं ते सकाळी उजाडताना किंवा ऊन उतरल्यावरच. रिकामी ट्यूब उन्हात दोनशे अंशांच्या वर जाते. तिच्यात गार पाणी सोडलं की काच तडकते. अशा पाच ट्यूब मी स्वतःच्या हातांनी फोडल्या आहेत, तेव्हा अनुभवाचे बोल.

रिकामटेकडी ताई, आता तीन प्रश्न. उत्तरं नीट आठवून द्या.

गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप आहे का? सोलरच्या लाइनवर आहे का?

तो पंप रात्री, कोणी नळ उघडलेला नसताना, मधूनच सुरू होतो का?

सकाळी गार नळाचं पाणी पूर्वीपेक्षा कमी गार लागतं का?

---

मीच_ती | मंगळवार, सकाळी ११:३१

पानाकाकांना कळलंय! सांगत नाहीयेत! काका, असं नका करू.

---

रिकामटेकडी | मंगळवार, दुपारी २:१५

काका, अंगावर काटा आला.

पंप आहे, फक्त गार लाइनवर. सोलरचं पाणी उंचीवरून आपोआपच येतं.

आई गेले कित्येक दिवस म्हणतेय, "रात्री पंप घुर्रर करून दोन सेकंदांत बंद पडतो, दर थोड्या वेळाने, झोप लागत नाही." आम्ही कमोडचा फ्लश गळतोय म्हणून दोनदा वॉशर बदलला.

आणि गार पाणी... हो! परवाच नवरा म्हणाला, "सोलरचं गरम येत नाही, पण गार नळाचं तरी गोठवणारं नाही हे नशीब." आम्ही हसलो. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

---

गंजका_पाना | मंगळवार, दुपारी ३:००

मग चोर घरातच आहे. कुठल्यातरी बाथरूममध्ये मिक्सर, म्हणजे गार-गरम एकत्र करणारा नळ, उघडा राहतोय आणि पाणी मात्र पुढे कुठेतरी अडवलेलं आहे. बटणाचा हँड शॉवर असेल, जेट असेल.

मिक्सर मधोमध उघडा असला की त्याच्या पोटात गार आणि गरम लाइन एकमेकींना जोडल्या जातात. पुढचं तोंड बंद, त्यामुळे बाहेर थेंब नाही. गार बाजूला पंपाचा जोर, गरम बाजूला नुसती उंची. जोरवाला जिंकणार. गार पाणी गरम पाइपात उलटं शिरतं, वर चढतं, सोलरच्या टाकीत पडतं. टाकीतलं गरम पाणी गार इनलेटमधून मागे ढकललं जातं, थेट तुमच्या मोठ्या टाकीत. तिथून परत पंप. गोल फिरतंय, म्हणून पाण्याचा एक थेंब वाया जाताना दिसत नाही.

खात्री करायची तर आज रात्री टाकीच्या गरम आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करून झोपा, सकाळी मोजून मग उघडा. हवेची उभी नळी मात्र कधीही, कशासाठीही बंद करायची नाही. टाकीला श्वास घ्यायला तेवढीच जागा असते.

---

उंटावरून | मंगळवार, दुपारी ३:४०

काका, दंडवत.

गंमत म्हणून आकडा काढला. गार पाणी २२ अंश धरलं आणि २३ अंशांची सगळी घट याच चोराच्या माथी मारली, तरी रात्रीत १८० लिटरच्या आसपास उलटं शिरलं तर पुरतं. म्हणजे मिनिटाला पाव लिटरसुद्धा नाही. एवढ्याशा धारेने अख्खी टाकी निवते!

ताई, वरची मोठी टाकी किती लिटरची? हजाराची असेल तर तिचं पाणी चारेक अंशांनी वर गेलं असणार. नवऱ्याचं नशीब तेवढ्या अंशांचं.

---

बाळाची_आई | मंगळवार, रात्री ९:२०

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे उलटा त्रास आहे. उन्हाळ्यात पाणी ऐंशीपर्यंत जातं आणि घरात रांगणारं मूल. काय करावं?

---

गंजका_पाना | मंगळवार, रात्री ९:५५

थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, टाकीतून घरात येणाऱ्या लाइनवर. आतला भाग तापमानाप्रमाणे आपोआप गार पाणी मिसळतो, नळाला पंचेचाळीसच्या वर जाऊ देत नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलाची आणखी लवकर. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम सगळ्यांनीच पाळावा.

टाकीत मात्र साठ अंश असू द्या, तिथे कमी करू नका. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात आनंदाने वाढतात, साठला टिकत नाहीत. बरेच दिवस ढगाळ असेल तर आतली विजेची कॉइल लावून एकदा साठपर्यंत न्यावं. पण कॉइल रात्रभर चालू ठेवू नका. सकाळी उगवलेल्या सूर्याला तापवायला काही उरतच नाही, आणि मीटर फिरतो तो वेगळा. पहाटे तासभर टायमरवर पुरे.

---

दुसरा_मजला | मंगळवार, रात्री १०:३०

आमच्याकडे सकाळची पहिली बादली पूर्ण गार. हा पण उलटा प्रवाहच का?

---

उंटावरून | मंगळवार, रात्री १०:४८

नाही, ते पाइपात रात्रभर पडून राहिलेलं पाणी. टाकीपासून नळापर्यंत किती मीटर आणि किती जाड पाइप?

---

दुसरा_मजला | मंगळवार, रात्री १०:५२

तीसेक मीटर असेल. इंची टाकलाय, जोर चांगला यावा म्हणून.

---

उंटावरून | मंगळवार, रात्री ११:०१

इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. तीस मीटर म्हणजे पंधरा लिटर, तुमची बादली भरली. अर्ध्या इंचीत चारेक लिटरच झालं असतं. पाइपावर फोमचं वेष्टण घातलं तर दोन अंघोळींच्या मधे निवणार नाही, पण पहाटेची पहिली बादली गारच येणार. ती बाजूला ठेवून नंतर मिसळायला वापरा.

---

रिकामटेकडी | बुधवार, सकाळी ६:४०

५५!!!

रात्री व्हॉल्व्ह बंद केला होता. चिरंजीवांनी त्याआधीच अंघोळ उरकलेली. सकाळी सहाला टाकीत ५५ अंश. आणि पंप रात्रभर गप्प. आई उठल्या उठल्या म्हणाली, "लाइट गेली होती का रे रात्री?"

---

कडूनिंब | बुधवार, सकाळी ७:३०

अभिनंदन. रॉड तरी बघून घ्या.

---

रिकामटेकडी | बुधवार, संध्याकाळी ७:१५

चोर सापडला. वरच्या बाथरूममध्ये दोन महिन्यांपूर्वी नवा हँड शॉवर लावलाय, दांड्यावर बटण असलेला. चिरंजीव अंघोळ झाली की बटण दाबतात आणि बाहेर. मिक्सरचा दांडा तसाच मधोमध वर. सकाळी नवरा त्याच बाथरूममध्ये जातो आणि सवयीने दांडा खाली करतो. म्हणून दिवसा सगळं ठीक.

आज चिरंजीव बाहेर आल्याबरोबर मी आत जाऊन उभी राहिले. दांडा वर, शॉवर बंद, फरशी कोरडी. भिंतीतून येणाऱ्या गरम पाइपाला हात लावला तर क्षणाक्षणाला गार होत चाललेला. आणि खालून पंपाचं घुर्रर. दांडा खाली केला, पंप थांबला. पुन्हा वर केला, पुन्हा घुर्रर. पोराला बोलावून दाखवलं. त्याने स्वतः चार वेळा करून बघितलं आणि म्हणाला, "मग मी सायन्स प्रोजेक्ट हा करू का?"

पानाकाका, पोराच्या लक्षात राहील यावर माझा भरवसा नाही. कायमचा उपाय?

---

गंजका_पाना | बुधवार, रात्री ८:०५

मिक्सरच्या दोन्ही तोंडांशी, गरम आणि गार, एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. एकाच दिशेने पाणी जाऊ देतो. छोटासा असतो, कोणीही प्लंबर अर्ध्या तासात बसवेल. स्प्रिंग हलकी असलेला मागा. सोलरच्या बाजूला जोर कमी असतो, जड स्प्रिंग असली तर पाणी उघडणारच नाही. आणि तो बटणवाला शॉवर काढून साधा लावलात तर व्हॉल्व्हचीही गरज नाही.

ती एक पांढरी ट्यूब सवडीने बदला. बाकी एकोणिसांना हात लावू देऊ नका.

---

साडेतीन_शहाणा | बुधवार, रात्री ८:२०

मेकॅनिकला कळवलं का? त्याला म्हणावं, ते टेक्निकल नव्हतं, ते चिरंजीव होते.

---

मीच_ती | गुरुवार, सकाळी ६:१०

सगळं वाचून काढलं आणि आता थोडी अस्वस्थ आहे. आमच्याकडे पण हल्ली गार नळाला पाणी कोमट येतं. मी उगाच खूश होते.

---

गंजका_पाना | गुरुवार, सकाळी ६:२५

रात्री पंप वाजतो का?